कामावर सायकलने जायचे, पण कोणत्या रस्त्याने?

आपल्या मंडळातील बऱ्याच जणांचे लहानपण सायकलवर गेलेले आहे. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की कोपऱ्यावरच्या हवालदाराची शिट्टी, हे सारे आठवणारी मंडळी आज मेलबर्नमध्ये घरटी दोन गाड्या बाळगून आहेत. त्यात वावगे काही नाही. पण शहरातील पार्किंगचे दर, पेट्रोलचे भाव आणि रक्तातील साखरेच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी केलेली खूण, या तिन्हींचा मारा एकदम झाला की माणूस विचारू लागतो, 'सायकलने ऑफिस गाठता येईल का हो?' आणि त्याच्या मागोमाग वहिनींचा प्रश्न येतो, 'इथल्या ट्रॅफिकमध्ये? जिवावर उदार झालात का?'

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर बव्हंशी आपण कोणता रस्ता धरतो यावर अवलंबून आहे. सायकल कोणती घ्यावी यावर दुकानदार तासभर बोलेल. रस्ता मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो. म्हणून या वेळी थोडे रस्त्याविषयी, आणि ओघाने आरोग्य व पैशाविषयी.

पहिली गोष्ट ही, की गाडीने जाण्याचा आपल्या सवयीचा रस्ता सायकलसाठी बहुधा सर्वांत वाईट असतो. तो आपल्याला पाठ असतो म्हणून बरा वाटतो, एवढेच. उत्तरेकडचा सिडनी रोड घ्या. कोबर्गहून ब्रन्स्विकमार्गे शहराकडे येणारा हा सरळसोट रस्ता. मध्ये ट्रामचे रूळ, कडेला ओळीने उभ्या केलेल्या गाड्या, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सायकलवाला. इथला खरा धोका मागून येणाऱ्या मोटारीपेक्षा उभ्या मोटारीचा असतो. कोणी न पाहता दार उघडले, की सायकलवाला दारावर आदळतो नाही तर चुकवायला जाऊन ट्रामच्या वाटेत पडतो. सिडनी रोडवर याच प्रकाराने माणसे दगावली आहेत. (आपण स्वतः गाडीतून उतरताना उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे. म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. मुलांनाही मागच्या सीटवर हीच सवय लावावी. न पाहता दार उघडून कोणाला धोक्यात घालणे हा इथे गुन्हा आहे.)

आता याच सिडनी रोडच्या पश्चिमेला, चालत दोन-चार मिनिटांच्या अंतरावर, अपफील्ड रेल्वेच्या कडेने सायकलमार्ग जातो. रुळांना लागून असल्यामुळे एका बाजूने त्याला गल्ली फुटत नाही, आणि उभ्या गाड्यांची रांग नाही. २०२० साली कोबर्ग आणि मोरलँड स्थानकांपाशी रेल्वे उंचावर नेली, तेव्हा तेथे खाली नवी ऐसपैस वाट झाली. ब्रन्स्विकमध्ये वाट अरुंद आहे, पायी चालणारे, बाबागाड्या, कुत्री असा सगळा परिवार वाटेत भेटतो, त्यामुळे वेग धरता येत नाही. दक्षिणेला पार्क स्ट्रीटपाशी ही वाट कॅपिटल सिटी ट्रेलला मिळते. तिथून डावीकडे वळून, जुन्या इनर सर्कल रेल्वेच्या जागेवरून थोडे पूर्वेला गेले की कार्ल्टन नॉर्थमधील कॅनिंग स्ट्रीट लागतो. हा रस्ता मुद्दाम पाहण्यासारखा आहे. चौकाचौकांत मोटारींना सरळ पुढे जाता येऊ नये अशी रचना केल्याने मोटारवाले तिकडे फारसे फिरकत नाहीत, आणि सकाळी तिथे सायकलींची रांग लागते. पुढे शहरात ला ट्रोब स्ट्रीटवर कठड्याने वेगळी केलेली सायकलपट्टी आहे. हा सगळा फेरा सिडनी रोडपेक्षा थोडा लांब पडतो. सकाळच्या पाच-सात मिनिटांच्या बदल्यात उघडणाऱ्या दारांची धास्ती संपते. हा व्यवहार मला तरी फायद्याचा वाटतो.

यातच मेलबर्नच्या सायकलमार्गांचे मर्म आले. या शहरात चांगली वाट सापडते ती दोन ठिकाणी, ओढ्याकाठी आणि रुळांकाठी. कारण सरळ आहे. ओढ्याच्या पुराच्या जागेत घरे बांधता येत नाहीत आणि रुळांच्या कडेची जमीन सरकारची असते. म्हणून वाट काढायला मोकळी जागा तेवढीच उरली. तेव्हा नकाशा उघडला की आधी रस्त्यांची नावे वाचू नयेत, निळ्या रेघा आणि रेल्वेच्या रेघा पाहाव्यात. पूर्वी प्रत्येकाच्या गाडीत मेलवेचे जाडजूड पुस्तक असे, त्यात सायकलवाटा दाखवलेल्या असत. आता फोनवरचा नकाशा सायकलचा मार्ग काढून देतो. पण वाट मोकळी असली तरी त्यावर सकाळी साडेसातला किती ट्रक असतात, हे फोनच्या नकाशावरून नीट कळत नाही.

आग्नेयेकडच्या मंडळींचे, म्हणजे क्लेटन, ओकली, स्प्रिंगव्हेल, डँडेनाँगकडे राहणाऱ्यांचे नशीब या बाबतीत चांगले. कॉलफील्ड ते डँडेनाँग रेल्वेवरची नऊ फाटके २०१८ पर्यंत काढून टाकली, काही ठिकाणी रूळ खांबांवर चढवले, आणि खाली सुमारे १७ किलोमीटरची जेरिंग ट्रेल झाली. अजस्र खांबांमुळे उपनगराची शोभा गेली म्हणून त्या वेळी पुष्कळ ओरड झाली. सायकलवाल्यांना मात्र पावसात डोक्यावर छप्पर मिळाले. क्लेटनला मोनॅश विद्यापीठाजवळ राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही ही वाट पाहून ठेवावी. अडचण एकच. कॉलफील्डला ती संपते आणि शहर अजून दहाएक किलोमीटर उरते.

ग्लेन वेव्हर्ली, माउंट वेव्हर्ली या बाजूच्यांना दुसरी वाट आहे. स्कॉचमन्स क्रीक ट्रेलने मॉल्व्हर्न ईस्टपर्यंत, तिथून गार्डिनर्स क्रीक ट्रेलने यारा नदीपर्यंत, आणि मग नदीच्या काठाकाठाने थेट शहरात. चौक फार थोडे, झाडी पुष्कळ. शहरापर्यंतचे अंतर मात्र पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरते. ताशी १८ ते २० किलोमीटरने सव्वा तास धरावा. शिवाय ओढ्याकाठची वाट पुलांखालून जाते, आणि जोराचा पाऊस झाला की त्या खालच्या जागांत पाणी साचते, चिखल राहतो. म्हणून पावसाच्या दिवसासाठी वरून जाणारा पर्यायी रस्ता आधीच ठरवून ठेवावा. ऐन वेळी अंधारात, भिजत, तो शोधण्याची वेळ येऊ देऊ नये.

पश्चिमेकडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि आपली बरीच कुटुंबे तिकडेच आहेत. पॉइंट कुक, टारनीट, वेरिबी, हॉपर्स क्रॉसिंग. इथून शहराकडे येताना वाटेत बंदर आहे, आणि बंदर म्हणजे कंटेनरचे ट्रक. १९७८ साली खुल्या झालेल्या वेस्ट गेट पुलावर सायकलला मज्जाव आहे. वेरिबीहून निघणारी फेडरेशन ट्रेल शहराच्या जुन्या मुख्य मैलावाहिनीच्या कडेने येते (आता तिथे वास वगैरे काही नाही, घाबरू नये). पण ब्रुकलिनच्या आसपास ती वर्षानुवर्षे तुटत असे आणि तिथून सायकलवाला ट्रकांच्या गर्दीत येऊन पडे. यारव्हिलच्या चौकात ट्रकखाली सायकलस्वारांचे जीव गेले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये वेस्ट गेट टनेल खुला झाला. त्या प्रकल्पात ही तुटलेली साखळी जोडण्याचे आणि फूटस्क्रे रोडच्या वरून सुमारे अडीच किलोमीटरचा उन्नत सायकलमार्ग बांधण्याचे काम धरलेले होते. ज्यांनी पूर्वी एकदा जाऊन 'नको रे बाबा' म्हणून नाद सोडला, त्यांनी एका रविवारी पुन्हा जाऊन पाहावे.

ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ट्रकच्या डाव्या अंगाला, केबिनच्या थोडे मागे, ड्रायव्हरला काहीही दिसत नाही. सिग्नलला ट्रक उभा असेल आणि डावीकडे फट दिसत असेल तर त्या फटीत शिरू नये. ट्रकच्या मागे थांबावे. ट्रक डावीकडे वळला की ती फट नाहीशी होते.

पश्चिमेला आणखी एक वाट आहे आणि ती कोकणातल्या माणसाला आवडेल. विल्यम्सटाऊनकडून किनाऱ्याच्या वाटेने स्पॉट्सवुडला यावे. तिथे वेस्ट गेट पुलाच्या सावलीत एक छोटी तर आहे, वेस्टगेट पंट. सायकलीसकट माणसांना यारा ओलांडून फिशरमन्स बेंडला नेऊन सोडते. नदीच्या पलीकडे ट्रक कमी, आणि पोर्ट मेलबर्नमार्गे शहर जवळ. पंटच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि हवामानावरही त्या अवलंबून असतात, तेव्हा आधी चौकशी करून निघावे.

टारनीट किंवा पॉइंट कुकहून रोज शहरापर्यंत सायकल मारा असे मी कोणाला सुचवणार नाही. रोजचे पन्नास किलोमीटर हे छंदिष्ट माणसाचे काम आहे. त्यांनी अर्धा मार्ग धरावा, म्हणजे घर ते स्टेशन सायकल आणि पुढे गाडी. स्टेशनवरची पार्किंगची जागा सकाळीच भरते हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. सायकलला ती चिंता नाही. अनेक स्थानकांवर सायकलींसाठी कुलूपबंद पिंजरेही आहेत. मेलबर्नच्या लोकलमध्ये साधी सायकल नेता येते, मात्र पहिल्या डब्याच्या पहिल्या दारातून नाही, ती जागा चाकाच्या खुर्चीसाठी असते. आणि गर्दीच्या वेळी नेलीच, तर लोकांच्या नजरा सोसण्याची तयारी ठेवावी. ट्रामवर घडीची सायकल तेवढी चालते.

रस्ता नकाशावर ठरला, आता प्रत्यक्ष. पहिली फेरी रविवारी सकाळी करावी, कोणतीही घाई न करता, शक्य तर जोडीदाराला बरोबर घेऊन. घरची काळजी निम्मी तिथेच कमी होते. पण रविवारच्या फेरीवर विसंबू नये. दुसरी फेरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी, पण कामाच्या वारी, कामाच्याच वेळेला करावी. तेव्हाच कळते की कोणत्या शाळेपुढे साडेआठला मोटारींचा गुंता होतो, आणि कोणत्या चौकात हिरवा दिवा सायकल पलीकडे पोचेपर्यंतही टिकत नाही. परतीची वाट वेगळी तपासावी. जाताना जी डावी वळणे असतात ती येताना उजवी होतात, आणि सायकलवाल्याची परीक्षा उजव्या वळणाला असते. त्यावर इथल्या कायद्याने एक तोड दिली आहे. मनाईची पाटी नसेल तर सायकलस्वाराला कोणत्याही सिग्नलच्या चौकात हुक टर्न घेता येतो. डाव्या कडेनेच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबावे आणि त्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की निघावे. मधल्या लेनमध्ये घुसण्याची गरजच पडत नाही.

ट्रामचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. तिरके गेले की चाक खाचेत अडकते, आणि पावसात तर रूळ साबण लावल्यासारखे निसरडे होतात. ट्राम थांब्यावर उभी राहून दारे उघडली की मोटारींप्रमाणे सायकललाही मागे थांबावे लागते. उतरणाऱ्या आजीबाईंना सायकलची धडक बसणे हा अपघातच.

उजेडाचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही, कारण आपल्या देशात बारा महिने सूर्य साधारण वेळेवर असतो. मेलबर्नला जूनमध्ये सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सायंकाळी पाच वाजून गेले की मावळतो. म्हणजे जाणे अंधुकात आणि येणे काळोखात. उन्हाळ्यात रम्य वाटणारी ओढ्याकाठची वाट जूनमध्ये निर्मनुष्य होते, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे दिवे नाहीत. एकट्या बाईमाणसाने, आणि खरे तर कोणीच, तिथून रात्री जाण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्याचा एक रस्ता आणि हिवाळ्याचा दुसरा, वस्तीतल्या शांत, दिवे असलेल्या गल्ल्यांतून जाणारा, असे दोन रस्ते ठेवावेत. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, घंटी, हे कायद्यानेच लागते. हेल्मेटही. १ जुलै १९९० रोजी व्हिक्टोरियाने सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, जगात सर्वांत आधी. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मॅगपाय पक्षी घरट्याच्या काळजीने डोक्यावर झेप घेतात. नव्या माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला हवे. त्या झाडाखालून सायकल हातात धरून चालत जावे, किंवा महिनाभर गल्ली बदलावी.

मोटारवाल्यांवर एक बंधन आले आहे, तेही माहीत असावे. एप्रिल २०२१ पासून व्हिक्टोरियात सायकलला ओलांडताना ६० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादेच्या रस्त्यावर किमान एक मीटर आणि त्यावरच्या रस्त्यांवर दीड मीटर अंतर सोडावे लागते.

आता पैशाची बाजू, आणि तीही अप्रिय गोष्टीपासून सुरू करू. अपघात झाला तर खर्च कोण करणार? व्हिक्टोरियात १९८७ पासून ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशन, म्हणजे टीएसी आहे. मोटार, ट्राम, रेल्वे यांच्याशी संबंधित अपघातात जखमी झालेल्यांचा औषधपाणी, इस्पितळ आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग ती देते, चूक कोणाची हे न पाहता. कामावर जाता-येता सायकल उभ्या मोटारीवर आदळली तरीही. पोलिसांत नोंद करावी, आणि दावा लांबणीवर टाकू नये. हा पैसा मोटारींच्या रजिस्ट्रेशनमधून येतो. 'सायकलवाले रेगो भरत नाहीत' म्हणणाऱ्याला सांगावे की बाबा रे, माझी गाडी दारात उभी आहे आणि तिचा रेगो मी भरलेला आहे.

पण तुम्ही एकटेच घसरून पडलात, कोणत्याही गाडीचा संबंध नाही, तर टीएसी येत नाही. कामाच्या जागी ये-जा करताना झालेला अपघात इथे सहसा वर्ककव्हरमध्येही धरत नाहीत. आणि मेडिकेअर ॲम्ब्युलन्सचे पैसे देत नाही. हे नव्या मंडळींना बिल हातात पडल्यावरच कळते, आणि ते बिल हजार डॉलरच्या पुढे जाते. खासगी विम्यात ॲम्ब्युलन्स धरली आहे का हे पाहावे, नसेल तर ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचे कौटुंबिक सभासदत्व घ्यावे. सायकल असो वा नसो, घरात हे असावेच. तुमच्या सायकलची धडक दुसऱ्याला बसली तर? त्यासाठी सायकल संघटनांच्या सभासदत्वाबरोबर विमा मिळतो; बायसिकल नेटवर्क ही त्यांपैकी इथली मोठी संघटना.

बचतीविषयी मात्र फुगवून सांगण्यात अर्थ नाही. समजा ऑफिस दहा किलोमीटरवर आहे आणि आठवड्यातून दोन दिवस सायकल नेली. वर्षाचे ४४ आठवडे धरले तर ८८ दिवस, १,७६० किलोमीटर. १०० किलोमीटरला आठ लिटर आणि लिटरला दोन डॉलर या हिशेबाने पेट्रोल वाचले २८२ डॉलरचे. सायकल, दिवे, कुलूप, रेनकोट यांतच ते जाईल. शहरात दिवसाला वीस डॉलर पार्किंग भरणाऱ्याचे मात्र आणखी १,७६० डॉलर वाचतात. आणि खरी बचत होते ती दुसरी गाडी विकून टाकता आली तर. तिचा रेगोच नऊशे डॉलरच्या घरात, वर विमा, सर्व्हिसिंग आणि दर वर्षी उतरणारी किंमत. कर खात्याने २०२४-२५ साठी मोटारीचा कामाकरिता होणारा खर्च किलोमीटरला ८८ सेंट धरला होता, त्यावरून गाडी एकंदर केवढ्याला पडते याची कल्पना यावी. घर ते ऑफिस या प्रवासाची वजावट करात मिळत नाही, मग तो मोटारीने करा की सायकलने.

प्रकृतीचा हिशेब जास्त भरघोस आहे. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६४ हजार लोकांची पाहणी २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत, मोटार वा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, पाहणीच्या काळात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकल चालवणारे लोक मुळातच जरा निरोगी असतात, हे लक्षात घेऊनही आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. आपल्याला तर तो अधिकच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस वजनाने हलका दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते, आणि मधुमेह त्याला कमी वजनावर गाठतो. 'मी कुठे जाड आहे?' हे आपल्या बाबतीत उत्तर नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. दहा किलोमीटरचे ऑफिस दोन दिवस सायकलने गाठले की दोन तास तिथेच झाले. जिमला जायचा वेळ वेगळा काढावा लागत नाही, आणि आपण तो काढत नाही हे आपल्याला माहीत आहेच. पन्नाशीपुढच्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण पॅडल मारताना साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

घाम आणि कपडे हा शेवटचा अडथळा, आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. सोमवारी रेल्वेने जाताना दोन शर्ट, एक पँट आणि टॉवेल ऑफिसात नेऊन ठेवावा, शुक्रवारी परत आणावा. ऑफिसच्या इमारतीत शॉवर आहे का हे रिसेप्शनवर विचारावे. बऱ्याच ठिकाणी तो तळघरात असतो आणि वरच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नसतो. सायकलला मडगार्ड जरूर बसवून घ्यावेत. इथल्या नव्या सायकलींना ते नसतात, आणि पावसाळी सकाळी मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर येतो.